वारं गेलं, पण कुठलं?

मोठ्या काकांच्या अंगावरून वारं गेलं तो दिवस बेंदराचा होता. साल २०११. बैल धुवायचे म्हणून काका पहाटे साडेचारलाच उठले होते. पाच वाजता काकूने गोठ्यात चहा नेऊन दिला आणि 'गूळ कमी पडलाय' ही नेहमीची तक्रार ऐकून ती चुलीकडे परतली. साडेसहाला चुलतभाऊ शिंगांना लावायचा हिंगूळ घेऊन गेला, तेव्हा काका गव्हाणीला टेकून बसले होते. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात मांडीवरून घसरून शेणात पडलेला. काय झालं म्हणून विचारलं तर ते नुसते बघत राहिले.

'वारं गेलं,' आजी उंबऱ्यातूनच म्हणाली. मग घरोघर होतं तेच आमच्याकडे झालं. कुणी तीळतेल कोमट करून उजवी बाजू चोळायला घेतली. कुणी बीपीची गोळी पाण्याबरोबर दिली, तर त्यांना इतका ठसका लागला की डोळे पांढरे झाले. पारव्याचं ताजं रक्त चोळलं की लकवा उतरतो असं शेजारच्या आबांनी सांगितलं आणि दोन पोरं मंदिराच्या शिखरावरचे पारवे पकडायला पळाली. नऊ वाजता तालुक्याचे डॉक्टर येऊन 'मोठ्या दवाखान्यात हलवा' म्हणाले. जीप मिळायला तास गेला. जिल्ह्याच्या गावी पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते.

जीपमध्ये आम्ही आठजण होतो. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने काकांचा हात उचलून सोडला, डोळ्यांत टॉर्च मारला आणि आमच्याकडे वळून विचारलं, 'यांना शेवटचं ठणठणीत कुणी पाहिलं? किती वाजता?'

आठहीजण बोलायला लागलो. बीपी वाढलं असेल. परवा ओल्या जमिनीवर झोपले होते. रात्री भाकरीबरोबर दही खाल्लं होतं. कारणं प्रत्येकाकडे होती, वेळ मात्र कुणाकडेच नव्हती. ती एकाच माणसाला माहीत होती, आणि तिला आम्ही बैलांना नैवेद्य दाखवायला घरी ठेवून आलो होतो.

एका शब्दाची सावली

'वारं' हा शब्द आपल्याकडे आयुर्वेदातून झिरपत आला. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांमध्ये अर्धं अंग लुळं पडण्याचा आजार वातव्याधींमध्ये सांगितला आहे. पक्षवध किंवा पक्षाघात म्हणजे शरीराची एक बाजू मारली जाणं. अर्धांगवायू या शब्दात तर वायू उघडच बसला आहे. पश्चिमेकडच्या शब्दांतही निराळं काही नाही. ग्रीक वैद्य त्याला 'अपोप्लेक्सिया' म्हणत, म्हणजे तडाखा बसून कोसळणं. इंग्रजी 'स्ट्रोक'चाही अर्थ फटका असाच. ज्याने त्याने जे दिसलं त्याला नाव दिलं: धडधाकट माणूस क्षणात आडवा होतो, आणि मारणारा दिसत नाही.

मारणारा आतच असतो हे दाखवायला १६५८ साल उजाडलं. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझनचा डॉक्टर योहान याकोब वेप्फर याने अशा रोगाने गेलेल्यांची डोकी उघडून पाहिली आणि मेंदूत साकळलेलं रक्त आढळल्याचं लिहिलं. रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या तरी हेच होऊ शकेल, हेही त्याने मांडलं. एका फटक्यामागे दोन परस्परविरुद्ध गोष्टी असू शकतात, ही या आजाराच्या वर्गीकरणाची पहिली पायरी. नळी फुटली तरी माणूस पडतो आणि नळी तुंबली तरी पडतो. गोठ्यातल्या माणसाला दोन्हीकडे एकच दिसतं.

आपल्या रोजच्या बोलण्यात हा भेद आहेही आणि नाहीही. 'मेंदूची नस फुटली', 'नस ब्लॉक झाली' असं आपण म्हणतो. पण 'मेंदूत गाठ झाली' असं कुणी सांगितलं की रक्ताची गुठळी की ट्यूमर, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि घरात प्रसंग घडला की हे सगळे शब्द मागे पडून वारं तेवढं पुढे येतं.

घराचं काम

या आजारात दोन कामं असतात. हा स्ट्रोक आहे हे ओळखणं हे पहिलं. तो कुठल्या प्रकारचा आहे हे ठरवणं हे दुसरं. पहिलं घरातल्या माणसाचं, दुसरं दवाखान्यातल्या यंत्राचं. आम्ही त्या दिवशी पहिलं अर्धवट सोडून दुसरं करत बसलो.

पहिल्या कामाला लागतं ते फार थोडं. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये ॲम्ब्युलन्सवरच्या कर्मचाऱ्यांसाठी एक साधी चाचणी तयार झाली आणि ती आता जगभर शिकवली जाते. माणसाला दात दाखवायला सांगा: ओठांचा एक कोपरा मागे राहतो का? दोन्ही हात समोर धरायला सांगा: एक हात हळूहळू खाली येतो का? एक साधं वाक्य म्हणायला सांगा: शब्द अडखळतात, भलतेच येतात किंवा येतच नाहीत का? यांपैकी एक जरी चुकलं तरी चौथी गोष्ट करायची. घड्याळ बघायचं आणि निघायचं. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची ॲम्ब्युलन्स आहे. फोन करताना 'लकव्याची शंका आहे' हे सांगितलं आणि सीटी स्कॅन असलेल्याच दवाखान्यात न्यायला सांगितलं, तर मधले दोन थांबे वाचतात.

काय करायचं नाही ही यादीही तितकीच छोटी आहे. पाणी नाही, चहा नाही, गोळी नाही. गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात, मग तोंडातलं पाणी फुप्फुसात उतरतं. काकांना लागलेला ठसका तोच.

या परीक्षेला चकवणारेही असतात. तोंड वाकडं झालं की आपण लकवाच म्हणतो, पण चेहऱ्याची नस सुजल्यानेही ते होतं. त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. डॉक्टर तिथे कपाळाला आठ्या पाडायला लावतात. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून हुकूम येतात. त्यामुळे स्ट्रोकमध्ये एक अर्धगोल जायबंदी झाला तरी कपाळावर आठ्या पडतात. चेहऱ्याची नसच बिघडली असेल तर त्या बाजूचं कपाळ सपाट राहतं आणि डोळाही नीट मिटत नाही. दुसरा चकवा साखरेचा. एकादशीचा उपास धरलेला, इन्सुलिन मात्र नेहमीइतकंच घेतलेला माणूस हुबेहूब स्ट्रोकसारखा लुळा पडू शकतो आणि शिरेतून ग्लुकोज गेलं की काही मिनिटांत उठून बसतो. म्हणून कॅज्युअल्टीत बोटाला सुई टोचणं हे पहिलं काम. फीट येऊन गेल्यावरही हात-पाय काही काळ लुळे राहतात. हे भेद माहीत असावेत, पण त्यांच्या भरवशावर घरी बसू नये.

उलटा चकवा अधिक वाईट. स्ट्रोक असतो, पण तोंड सरळ आणि हात खणखणीत. मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की गरगरतं, तोल जातो, एकाचे दोन दिसतात, ओकाऱ्या होतात. आपण पित्त म्हणतो, मानेचा स्पॉन्डिलायटिस म्हणतो, लिंबू-पाणी देतो. चक्कर एकाएकी आली आणि माणसाला आधाराशिवाय बसता किंवा चालता येईना, तर ते पित्त समजू नये.

पांढरं आणि काळं

दुसरं काम शतकानुशतकं अडून राहिलं होतं. वेप्फरनंतर तीनशे वर्षं फुटलं की तुंबलं हे खात्रीने कळायचं ते शवविच्छेदनात. जिवंत माणसाच्या बाबतीत डॉक्टर अंदाज बांधत. डोकं दुखून ओकारी झाली, शुद्ध लवकर हरपली, तर रक्तस्राव. झोपेतून उठताना हात उचलेना, तर गुठळी. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून त्यात रक्त दिसतं का हेही पाहिलं जाई. अंदाज पुष्कळदा चुकत.

हा पेच ज्याने सोडवला तो डॉक्टर नव्हता. कुत्रा आणि ग्रामोफोनचं चित्र असलेल्या एचएमव्हीच्या तबकड्या ज्या ईएमआय कंपनीच्या, तिथला इंजिनिअर गॉडफ्री हाउन्सफील्ड. त्याच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात एका जिवंत स्त्रीच्या मेंदूचे क्ष-किरणांनी आडवे काप काढून दाखवले. तोच सीटी स्कॅन. १९७९ मध्ये त्याला ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

सीटीच्या चित्रात ताजं रक्त पांढरंशुभ्र दिसतं, अगदी पहिल्या तासापासून. रक्त न मिळालेला मेंदू मात्र काळपट पडायला वेळ घेतो. गुठळीच्या स्ट्रोकमध्ये पहिल्या काही तासांतला सीटी म्हणूनच बऱ्याचदा निर्दोष दिसतो. इथे नातेवाइकांचा हमखास घोटाळा होतो. 'सीटी नॉर्मल आला, म्हणजे काही नाही' असं समजून लोक रुग्णाला घरी न्यायला निघतात. हात लुळा आहे आणि सीटीत रक्त नाही, याचा अर्थ नळी तुंबली आहे आणि मेंदू अजून वाचवता येईल, असा असू शकतो. ती सुटकेची नव्हे, धावपळीची बातमी असते.

हा फरक इतका महत्त्वाचा का? कारण एकाचं औषध दुसऱ्याचं विष आहे. तुंबलेल्या नळीला ॲस्पिरिन लागतं, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लागतं. फुटलेल्या नळीला तेच दिलं तर रक्त वाहतच राहील. रक्तदाबाचंही तसंच. नस फुटली असेल तर वरचा आकडा १४० च्या आसपास आणायची घाई करतात. नस तुंबली असेल आणि विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं नसेल, तर २२० पर्यंतचा दाबही डॉक्टर पहिल्या दिवशी सहसा चालवून घेतात, कारण त्या दाबावरच मेंदूचा अर्धमेला भाग आडवाटेने रक्त ओढून तग धरून असतो. काकांना घरी दिलेली बीपीची गोळी गिळली गेली नाही, हे त्या सकाळचं एकमेव नशीब.

मुंबईत २००५ आणि २००६ या दोन वर्षांत डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी वस्तीपातळीवर पहिल्यांदाच स्ट्रोक झालेल्यांची नोंद केली. त्यांत सुमारे ८० टक्के तुंबण्याचे होते आणि १८ टक्क्यांच्या आसपास फुटण्याचे. म्हणजे डोळे मिटून 'तुंबलंय' म्हटलं तरी पाचपैकी चार वेळा बरोबर येईल. पाचव्या माणसाचा जीव त्या अंदाजाने जाईल.

फुटण्यातही प्रकार आहेत. वर्षानुवर्षं चढ्या रक्तदाबाने जर्जर झालेल्या बारीक धमन्या मेंदूच्या गाभ्यात फुटतात. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा डॉक्टरांनी नोंदलेला रक्तदाब ३०० वर १९० होता. तो आवाक्यात आणणाऱ्या गोळ्या तेव्हा नव्हत्या. आज तालुक्याच्या दुकानात मिळतात, आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून आपण त्या सोडतो. दुसरा प्रकार मेंदूच्या पृष्ठभागाकडचा. म्हातारपणी धमन्यांच्या भिंतीत अमिलॉइड नावाचं प्रथिन साठून त्या ठिसूळ होतात. तरुण माणसात जन्मजात गुंतलेल्या रक्तवाहिन्यांचा पुंजका असू शकतो. तिसरा प्रकार मेंदूच्या बाहेर, आवरणाखाली होतो: मोठ्या धमनीवरचा फुगा फुटतो आणि क्षणार्धात आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी सुरू होते. हात-पाय चालत असतात, बोलणं ठीक असतं, म्हणून मघाची चाचणी इथे नापास होते. 'डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं' असं कुणी म्हणालं तर ते शब्दशः घ्यावं.

घड्याळाचा हिशेब

सीटी आला तरी वीस-पंचवीस वर्षं तो निदान सांगून गप्प बसायचा. औषधच नव्हतं. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ६२४ रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. सुरुवातीपासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारं टीपीए हे औषध दिलं, तर तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत होण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी वाढत होती. त्याची किंमतही त्यातच लिहिली होती: औषध मिळालेल्यांपैकी ६.४ टक्के लोकांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, न मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. टेनेक्टेप्लेज हे त्याच कुळातलं, एका दमात देता येणारं इंजेक्शन आता पुण्यातही तयार होतं.

त्याच महिन्यात, डिसेंबर १९९५ मध्ये, फ्रेंच संपादक जाँ-डोमिनिक बोबी याला मस्तिष्कस्तंभाचा स्ट्रोक झाला. शुद्ध शाबूत आणि हलती फक्त डावी पापणी, अशा अवस्थेत त्याने पापणीच्या उघडझापीने पुस्तक सांगून लिहवलं. स्ट्रोक कुठे झाला यावर काय उरतं ते ठरतं, याचं त्याहून दाहक उदाहरण सापडायचं नाही.

२०१५ मध्ये पुढचा दरवाजा उघडला. नेदरलँड्समधल्या ५०० रुग्णांवरच्या अभ्यासाने दाखवलं की जांघेतल्या धमनीतून नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढली, तर स्वतःच्या पायावर उभे राहणाऱ्यांचं प्रमाण १९ वरून जवळजवळ ३३ टक्क्यांवर जातं. २०१८ च्या अभ्यासांनी निवडक रुग्णांत ही मुदत २४ तासांपर्यंत नेली. मेंदूचा किती भाग मेला आहे आणि किती नुसता उपाशी आहे, हे स्कॅनवर पाहून आता निर्णय होतो. तरीही भिंतीवरचं घड्याळ निकालात निघालेलं नाही. मोठी धमनी तुंबली असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. आम्ही साडेसहा ते नऊ तेल चोळत होतो. दीडशे मिनिटं. गुणाकार मी एकदाच केला, पुन्हा नाही.

कुठे आणि का

फुटलं की तुंबलं, हे ठरलं की पुढचा प्रश्न: कुठे? १९८१ ते १९८६ या काळात इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये सुमारे एक लाख वस्तीत होणारा प्रत्येक नवा स्ट्रोक नोंदला गेला. त्यावरून जॉन बॅमफर्ड, चार्ल्स वॉर्लो आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तुंबण्याच्या स्ट्रोकचे चार गट मांडले. त्यांचं वैशिष्ट्य असं की उशाशी उभं राहून, नुसतं तपासून गट ठरवता येतो. हात-पाय, भाषा किंवा भान, आणि नजरेचा अर्धा पडदा, तिन्ही गेलं तर पुढच्या भागाचा मोठा घाव. त्यातलं काही गेलं तर छोटा. नुसती ताकद गेली, नुसती जाणीव गेली, पण बोलणं-समजणं शाबूत, तर मेंदूच्या गाभ्यातली केसाएवढी धमनी. चक्कर, तोल, दुहेरी दिसणं, तर मागचा भाग. पहिल्या गटातले ६० टक्के लोक वर्षभरात दगावले आणि अवघे ४ टक्के स्वतंत्रपणे जगू लागले. तिसऱ्या गटाचं चित्र पुष्कळच उजळ होतं. एकच 'लकवा' म्हणून शेजारच्या काकींचं उदाहरण देताना आपण हे विसरतो. 'त्या महिन्यात उठून चालायला लागल्या, तुम्ही का नाही?' या प्रश्नाचं उत्तर जिद्दीत शोधण्याआधी धमनीच्या जाडीत शोधावं.

काकांची डावी बाजू गेली होती, म्हणजे मेंदूची, म्हणून शरीराची उजवी. बहुतेकांची भाषा डाव्या अर्धगोलात राहते. गावाला वाटलं त्यांना भ्रम झाला. त्यांना समजत पुष्कळ होतं, शब्द हाताशी येत नव्हते. पाणी मागताना 'बैल' यायचं आणि ते स्वतःच कपाळावर हात मारायचे. नवल म्हणजे संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की त्यांचे ओठ बिनचूक चालत. पाठ असलेलं गाणं मेंदूतल्या वेगळ्या वाटेनेही येतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. गावाने ते विठ्ठलाच्या नावावर जमा केलं. कुणाची हरकत नव्हती.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: का? १९९३ मध्ये अमेरिकेत एका औषधाच्या चाचणीसाठी कारणांप्रमाणे पाच खण पाडले गेले. त्या चाचणीच्या आद्याक्षरांवरून त्या वर्गीकरणाला 'टोस्ट' म्हणतात. १९९८ मध्ये निकाल लागला तेव्हा औषधाचा तीन महिन्यांनंतर फायदा दिसला नाही. औषध मागे पडलं, खण मात्र जगभर वापरात राहिले.

पहिला खण मोठ्या धमन्यांत चरबी साचण्याचा. गोऱ्या लोकांत ती मानेतल्या धमनीत जास्त आढळते, आपल्यासारख्या आशियाई लोकांत कवटीच्या आतल्या धमन्यांतही मोठ्या प्रमाणात. दुसरा खण हृदयाचा: तिथे बनलेली गुठळी वाहत मेंदूत जाऊन अडकते. नाडी अनियमित चालणं हे त्याचं मोठं कारण. आपल्याकडे आणखी एक आहे. लहानपणी घसा आणि सांधे धरून आलेला संधिवाताचा ताप झडपा खराब करून जातो आणि ऐन तिशीत पक्षाघाताच्या रूपाने परत येतो. तिसरा खण बारीक धमन्यांचा, बीपी आणि शुगर यांच्या संसाराचा. चौथा इतर निश्चित कारणांचा. त्यात मानेला हिसका बसून धमनीचं अस्तर फाटणं येतं. दाढी झाल्यावर मान कडाकडा मोडून घेण्याची हौस असणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. पाचवा खण 'कारण ठरलं नाही' असा. सगळ्या तपासण्या करूनही बरेच रुग्ण त्यातच राहतात, आणि तसं कागदावर लिहिणं हेही निदानच आहे.

एक प्रकार मात्र या खणांच्या रांगेत नीट बसत नाही. धमनीऐवजी रक्त परत नेणारी शीर तुंबते. आपल्या देशात हे बाळंतिणींत ठळकपणे दिसत आलं आहे. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं, आणि त्यात 'बाळंतिणीने पाणी कमी प्यावं' ही जुनी समजूत. डोकेदुखी दिवसागणिक वाढते, मग फीट येते, हात लुळा पडतो. घरचे म्हणतात बाहेरची बाधा. स्कॅनमध्ये रक्त सांडलेलं दिसलं तरीही उपचार असतो तो रक्त पातळ करण्याचा, कारण शीर मोकळी झाल्याशिवाय मागे साचलेला दाब उतरत नाही. १९९१ मध्ये जर्मनीतल्या अवघ्या २० रुग्णांवरच्या अभ्यासाने हे धाडस रास्त ठरवलं. मघाशी सांगितलेला पांढऱ्या-काळ्याचा नियम इथे उलटतो, आणि म्हणूनच वर्ग नीट ठरवायचा असतो.

येऊन गेलेलं वारं

काकू नंतर कधीतरी म्हणाली, बेंदराच्या दहा-बारा दिवस आधी काकांच्या हातून कप सुटला होता. दहा मिनिटं बोट वळेना, मग आपोआप ठीक. सगळे हसले, नवा कप आणला.

यालाही नाव आहे: टीआयए, म्हणजे येऊन ओसरलेला झटका. २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या १७०७ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की अशांपैकी साधारण १० टक्क्यांना तीन महिन्यांत खरा स्ट्रोक येतो, आणि त्यातल्या निम्म्यांना पहिल्या दोनच दिवसांत. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांनी दाखवलं की अशा रुग्णाला ताबडतोब तपासून औषधं सुरू केली तर हा धोका ८० टक्क्यांनी उतरतो. सगळ्या प्रकारांत हा एकच असा आहे जो काही न घेता सावध करून जातो. आपण त्याला मोजतच नाही, कारण तो बरा होतो.

ज्यांचा वर्ग ठरलाच नाही

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेतून न्यूरॉलॉजिस्ट डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंचा दोन वर्षं माग ठेवला, एप्रिल २०११ ते मार्च २०१३. आमच्या बेंदराचाच काळ. तिथले १५९९ मृत्यू घरी जाऊन, घरच्यांना विचारून तपासले गेले. हिवताप, क्षय, कुपोषण यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या मुलखात मृत्यूचं सर्वांत मोठं एकच कारण स्ट्रोक निघालं: २२९ जण, म्हणजे १४.३ टक्के. त्यांतले ८७ टक्के घरीच गेले.

घरीच गेले म्हणजे यंत्राच्या वाट्याचं काम त्यांच्या वाट्याला आलंच नाही. त्यांची नस फुटली होती की तुंबली होती, हे आता कधीही कळणार नाही. वेप्फरच्या आधी जसे सगळेच एका शब्दाखाली जात, तसे ते गेले. वर्गीकरण हा पुस्तकी छंद वाटतो, पण सीटीच्या यंत्रापासूनच्या अंतरात मोजलं तर तो एक हक्क आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगयादीतसुद्धा स्ट्रोक परवापरवापर्यंत रक्ताभिसरणाच्या आजारांत मोडत असे. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तो मज्जासंस्थेच्या प्रकरणात आला. यादीतली जागा बदलायला एवढी वर्षं लागली. रस्त्यावरची जागा बदलायला किती लागतील ते ॲम्ब्युलन्सना विचारावं लागेल.

काकांचा सीटी त्या दुपारी झाला. रक्त नव्हतं. इंजेक्शनची वेळ साडेनऊलाच उलटली होती; काकूच्या पाच वाजताच्या चहापासून मोजलं तर तेवढीच. दुसऱ्या दिवशी ईसीजीत नाडी अनियमित निघाली आणि सुट्टीच्या कागदावर इंग्रजीत एक ओळ आली: डाव्या मधल्या धमनीत गुठळी, उगम हृदयात. घरात तो कागद 'लकव्याचा कागद' म्हणून देव्हाऱ्याच्या खणात गेला. पण त्या ओळीमुळेच ॲस्पिरिनच्या जागी रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी आली, दर महिन्याला रक्त तपासणं आलं, पालेभाजीचं माप आलं. काका त्यानंतर आठ वर्षं काठी टेकत गोठ्यापर्यंत जात राहिले. दुसरं वारं आलं नाही.

सिस्टरने काकूला नाडी बघायला शिकवलं होतं. ती रोज पाच वाजता चहा घेऊन जायची, कप खाली ठेवायची आणि काकांचं मनगट धरायची. मधेच ठोका चुकला की बोटं तशीच ठेवून पुढच्याची वाट बघायची. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, त्या दिवसाच्या चौकोनात वेळ लिहून ठेवायची.